शेजाऱ्याच्या देवाचे नाव

गतवर्षी आमच्या देवळाच्या वार्षिकोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी सभामंडपात मुलांच्या नाटुकल्याची तालीम चालली होती. कोणाचा तरी धक्का लागून एक मोठी पितळी समई आडवी झाली, तेल फरशीवर पसरले, आणि जवळच उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा मोठ्याने उद्गारला, "जीझस ख्राइस्ट!" सर्वांच्या माना तिकडे वळल्या. कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या एका वृद्ध मावशींनी हातातला कापूस खाली ठेवून विचारले, "हांगा हें नांव कित्याक घेतलें रे?" मुलगा ओशाळला, फडके आणून त्याने फरशी पुसली, आणि तालीम पुढे सुरू झाली.

त्या वेळी मंडपात माझ्या कचेरीतील लघुलेखिका बाई उपस्थित होत्या. त्या मूळच्या साष्टीच्या, धर्माने कॅथलिक. मुलांच्या गाण्यांना पेटीची साथ करण्यासाठी आमच्या विनंतीवरून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्यांच्यापाशी मावशींच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. ख्रिस्ताचे नाव देवळात का घेतलेस, हा प्रश्न त्यांना लागला असेल, असा माझा समज होता. बाई हसल्या. म्हणाल्या, मावशी आपल्या घरातले बोलल्या, त्यांचा मला मुळीच राग नाही. वाईट वाटले ते त्या मुलाचे. मग कोकणीत म्हणाल्या, "तुमी 'रामा' म्हणटात तेन्ना तुमी रामाक उलो मारतात. ताणें कोणाक उलो मारलो?"

म्हणजे, त्याने हाक कोणाला मारली? वीस वर्षे दिवाणी दाव्यांत वादमुद्दे काढण्यात घालविलेल्या माणसास कबूल केले पाहिजे की, या प्रकरणाचा वादमुद्दा इतक्या थोडक्या शब्दांत मला काढता आला नसता.

वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. इंग्रजी चित्रपट आणि मालिका पाहून आपली मुले हे दोन शब्द उचलतात. त्यांच्या मनात ना भक्ती असते ना द्वेष. मग कोणी दुखावून का घ्यावे? आपण हिंदू तर दिवसातून पन्नास वेळा देवाची नावे सहजी घेतो. ठेच लागली की "अरे रामा", लाज वाटली की "शिव शिव", कंटाळा आला की "नारायण, नारायण". एखादी गोष्ट निःसत्त्व झाली तर तीत राम उरत नाही, आणि माणूस गेला तर त्याने राम म्हटला. आमचा देव या सलगीने रागावत नाही, मग शेजाऱ्याचा देव का रागवावा? पुष्कळ सुशिक्षित हिंदू गृहस्थ असेच बोलतात, आणि परवापर्यंत मीही बोलत असे.

या सलगीमागे आपल्याकडे एक पक्के शास्त्र आहे, आणि ते एका खटल्याच्या रूपाने सांगितलेले असल्यामुळे वकिलांनी तर ते अवश्य वाचावे. भागवताच्या षष्ठ स्कंधात अजामिळाची कथा येते. कान्यकुब्जातील हा भ्रष्ट ब्राह्मण मरणसमयी आपल्या धाकट्या मुलास नारायण या नावाने हाक मारतो. एका बाजूने यमदूत त्यास न्यावयास आलेले, दुसऱ्या बाजूने विष्णुदूत अडवावयास उभे. आणि मरणशय्येशेजारी दोन्ही पक्षांचा युक्तिवाद होतो. यमदूतांचे आरोपपत्र सविस्तर आहे आणि त्यातील एकही गोष्ट खोटी नाही. विष्णुदूत वस्तुस्थिती नाकारीतच नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की, नाम उच्चारले गेले, तेवढे पुरे. मग ते दुसऱ्या कोणास उद्देशून असो, थट्टेने असो, गाण्यात भरतीला घातलेले असो, की तुच्छतेने असो. इतकेच नव्हे, तर पडताना, घसरताना, भाजताना, काही चावले असता विवश होऊन ज्याच्या तोंडून हरीचे नाव निघते, तोही यातनेस पात्र राहत नाही. सामगायनात ज्या निरर्थक अक्षरांना स्तोभ म्हणतात तोच शब्द येथे योजलेला आहे. उद्गारवाचक अव्ययाला इतके भाग्य दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात लाभले असेल, असे मला वाटत नाही!

तेव्हा आपल्या दृष्टीने नाम वाया जातच नाही. उलट उच्चारलेले 'मरा'देखील वाल्मीकीच्या कामी आले. नामाचा अपराध आपणही जाणतो. पद्मपुराणात दहा नामापराध सांगितले आहेत, आणि त्यांत नामाच्या बळावर पाप करणे हा एक आहे. परंतु निष्काळजीपणाने नाम घेतल्याबद्दल देव कोपेल, ही कल्पना आपल्या रक्तात नाही.

आता दुसऱ्या घरात काय आहे ते पाहू. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत परमेश्वराचे नाव व्यर्थ घेण्याची मनाई आहे. कॅथलिक गणनेने ती दुसरी आज्ञा, प्रॉटेस्टंट व ज्यू गणनेने तिसरी. खून आणि चोरी यांची मनाई तिच्यानंतर येते. ज्यूंनी ही आज्ञा इतकी कडकपणे पाळली की देवाचे चार अक्षरी नाव वाचताना ते उच्चारीतच नाहीत, त्या जागी 'प्रभू' या अर्थाचा अदोनाय हा शब्द म्हणतात. पूर्वी जेरुसलेमच्या मंदिरात मुख्य पुरोहित ते वर्षातून एका प्रायश्चित्ताच्या दिवशी उच्चारीत असे. हे काही दूरदेशीचेच नव्हे. कुलाबा जिल्ह्यात ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे बेने इस्राएल आपल्या शेजारी शतकानुशतके राहिले, आणि त्यांच्या प्रार्थनेतही हाच नियम. एका अंगणात अखंड नामसप्ताह, दुसऱ्या अंगणात नामाचे अखंड मौन, दोन्ही भक्तीच.

ख्रिस्ती धर्माने ते मौन घेतले नाही, परंतु ती आज्ञा घेतली. १२७४ साली लिओँ येथे भरलेल्या धर्मपरिषदेने येशूचे नाव कानी पडताच मस्तक लववावे असा नियम घातला. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भिंतीवर जी तीन अक्षरे कोरलेली दिसतात, ती त्या नावाचीच संक्षिप्त खूण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका इटालियन जेझुइट धर्मगुरूने, लोकांच्या तोंडच्या नामनिंदेची भरपाई म्हणून, देवाच्या व येशूच्या नावाला धन्य म्हणणारी एक छोटी प्रार्थना रचली आणि ती जगभर कॅथलिक देवळांत रूढ झाली. भरपाई हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. त्यांच्या लेखी नाम ही ठेव आहे. कोणी उधळली तर कोणीतरी ती भरून द्यावी लागते. आपल्या लेखी ते नदीचे पाणी आहे. कोणी चूळ भरली म्हणून नदी आटत नाही.

इंग्लंडात तर हा विषय कायद्याच्या पुस्तकात शिरला. १६०६ च्या कायद्याने नाटकात देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा किंवा त्रैक्य यांचे नाव थट्टेने वा अनादराने घेतल्यास दहा पौंड दंड ठेवला, आणि त्यातील निम्मा फिर्याद करणाऱ्यास. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'ची १६२२ ची छापील प्रत आणि १६२३ च्या संग्रहातील प्रत शेजारी ठेवून पाहिली, तर पहिलीतील शपथा दुसरीतून गळालेल्या आढळतात. १७४५ च्या कायद्याने अशा शपथांचा दरच बांधून दिला: मजूर, साधा सैनिक किंवा खलाशी असेल तर एक शिलिंग, सद्गृहस्थाच्या खालच्या पायरीचा इतर कोणी असेल तर दोन, आणि सद्गृहस्थ असेल तर पाच, पुन्हा सापडल्यास दुप्पट, तिसऱ्यांदा तिप्पट. हा कायदा वर्षातून चार वेळा देवळात वाचून दाखवावयाचा असे. इतके करूनही शपथा थांबल्या नाहीत, त्यांनी वेष पालटले. 'देवाच्या जखमा' यांचे 'झाउंड्स' झाले, जीझसचे 'जी' झाले, गॉडचे 'गॉश' आणि 'गॉली' झाले. आज इंग्रजी बोलणारी आपली मुले ही सोवळी रूपेही वापरतात आणि मूळही वापरतात. कोणते कशाचे रूप हे त्यांना ठाऊक नसते.

१७४५ च्या त्या दरपत्रकात साधा सैनिक मजुराच्या ओळीत बसविला होता, हे आम्हा हैदराबादकरांस थोडे विचार करावयास लावणारे आहे. या शहराला ख्रिस्ताचे नाव दोन दारांनी आले. एक दार चर्चचे, शाळेचे आणि दवाखान्याचे. त्या दाराने आलेले नाव तेलुगू ख्रिस्ती बायकांच्या तोंडी 'येसय्या' झाले. रुग्णालयाच्या ओसरीवर ती हाक ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती आपल्या 'विठ्ठला'हून निराळी वाटणार नाही. दुसरे दार छावणीचे. १८०६ साली निजाम सिकंदर जाह यांच्या नावाने सिकंदराबाद वसले आणि गोऱ्या पलटणी तेथे राहिल्या. त्यांच्या तोंडी हे नाव शिवीच्या शेजारी राहत असे. आजच्या चित्रपटांतून आपल्या मुलांकडे येते ते याच दुसऱ्या घराण्याचे.

याच शहरात याच्या उलट घडलेले आपण रोज पाहतो. गौलीगुड्यात, शालीबंड्यात, काचीगुड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून 'या अल्ला', 'तोबा तोबा', 'माशाल्ला' हे शब्द किती सहज येतात! १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, आणि तिकडून आलेल्या माझ्या एका वृद्ध अशिलांच्या तोंडी, सोवळ्यात असतानाही, 'इन्शाल्ला' येत असे. यावर कोणा मुसलमान शेजाऱ्याने हरकत घेतल्याचे मी ऐकले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. आपण ते शब्द शेजाऱ्याच्या घरात, त्याच्या सुखदुःखाच्या प्रसंगी ऐकून घेतले. 'या अल्ला' दुखले म्हणून म्हणावयाचे, 'इन्शाल्ला' आशा धरून म्हणावयाचे, 'माशाल्ला' दुसऱ्याचे कौतुक करताना म्हणावयाचे. शब्दाबरोबर त्याचा भावही घरात आला. इंग्रजीतून मात्र आपण नाव उचलले ते चिडण्यासाठी. शेजाऱ्याकडून मागण्याचा शब्द घेणे वेगळे आणि परक्याकडून त्राग्याचा शब्द घेणे वेगळे, हा भेद माझ्या लक्षात येण्यास बाईंचा तो प्रश्न कारण झाला.

त्यांच्या साष्टीत, आणि एकंदर गोमंतकात, हा भेद लोकांना केव्हापासूनच कळलेला आहे. तेथील कॅथलिक म्हातारी दचकली की 'जेजू!' म्हणते, वाईट बातमी ऐकली की 'सायबा, भोगोस' म्हणते, म्हणजे 'स्वामी, क्षमा कर'. पोर्तुगीज भाषेतही 'आय जेझुस' हा उद्गार आहे, आणि स्पेनमध्ये तर कोणी शिंकले की शेजारी 'हेसूस' म्हणतो, जसे आपल्याकडे 'शतायुषी हो' म्हणावे. तेव्हा नाव उद्गारात येणे हेच पाप, असे कॅथलिक घरात कोणी मानीत नाही. तो उद्गार ही एक श्वासाएवढी प्रार्थना असावी लागते. उलट 'देव बरें करूं' हे आभाराचे शब्द हिंदू व ख्रिस्ती दोघेही सारखेच म्हणतात, आणि त्यातील देव कोणाचा, हे कोणी विचारीत नाही.

हे कसे घडले याचा इतिहास सरळ नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या कुलदेवतांनी सोळाव्या शतकात स्थलांतर केले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. जे मागे राहिले त्यांतील अनेकांवर १५६० साली स्थापन झालेल्या धर्मन्यायासनाची नजर होती, आणि ते न्यायासन, मधला थोडा खंड वगळता, १८१२ पर्यंत टिकले. नवख्रिस्त्याच्या तोंडून पवित्र नावाविषयी वेडेवाकडे निघाले तर तो तेथे चौकशीचा विषय होई. ज्या पूर्वजांना हे नाव दंडाबरोबर ऐकावे लागले, त्यांच्या वंशातील एखाद्या मावशींना ते देवळात ऐकून बरे वाटत नसेल, तर तो त्यांचा दुराग्रह नव्हे. ती आठवण आहे. मात्र ती आठवण साष्टीच्या बाईंविरुद्ध वापरता येणार नाही, कारण त्या न्यायासनापुढे उभे राहिले ते बहुतांशी त्यांचेच पूर्वज.

आणि त्याच काळात, त्याच साष्टीत, दुसरेही काही चालले होते. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यात त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ईश्वराला परमेश्वर आणि देव बाप म्हटले. व्यक्तिनामे मात्र, येशूचे असो की त्याच्या मातेचे, त्यांनी भाषांतरित केली नाहीत. हे मला फार सूचक वाटते. देव, परमेश्वर, सायब ही पदाची नावे आहेत, व ती दोन्ही घरांत ये-जा करू शकतात. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते आणि फेस्ताला हिंदू तिला तेल वाहतात, ते या सायबीण शब्दाच्या उदारपणामुळेही असेल. सेंट फ्रान्सिस झेवियरला 'गोंयचो सायब' म्हणणाऱ्यांत हिंदूही आहेत. व्यक्तिनाम मात्र ज्याचे त्याच्या घरी राहते, आणि ते बाहेर काढावयाचे तर घरच्यांच्या रीतीने काढावे लागते.

आता थोडे कायद्याविषयी, कारण अशा प्रसंगी लोक मला 'यावर केस होते काय?' असे विचारतात. होत नाही. १८६० च्या दंडसंहितेतील २९८ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०२ वे झाले, दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखविण्याचा बुद्धिपुरस्सर उद्देश असेल तरच लागू होते. १९२७ साली घातलेले २९५-अ, आताचे २९९, याहून कडक आहे. परंतु १९५७ साली रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अजाणता किंवा निष्काळजीपणाने, दुष्ट हेतूवाचून झालेला अवमान त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. आमचा समईवाला मुलगा दोन्ही कलमांतून सुखरूप सुटतो. कायद्याने हेतू पाहावा हे योग्यच. शेजाऱ्याला मात्र हेतू दिसत नाही, त्याला शब्द ऐकू येतो.

याच संदर्भात एका जुन्या कायद्याची आठवण द्यावीशी वाटते, कारण तेथे दुखावलेला पक्ष आपलाच होता. कंपनीच्या न्यायालयांत हिंदू साक्षीदारास गंगाजलाची आणि मुसलमानास कुराणाची शपथ घ्यावी लागे. कित्येक प्रतिष्ठित माणसे साक्षीस येण्यासच तयार होईनात. कोर्टाच्या कामासाठी गंगा हातात धरणे त्यांच्या मनाला रुचेना. अखेर १८४० च्या पाचव्या कायद्याने, अशा शपथा लोकांच्या सदसद्‌विवेकास व भावनांस विरुद्ध जातात असे प्रस्तावनेतच नमूद करून, त्या बंद केल्या आणि साधी गंभीर प्रतिज्ञा आणली. म्हणजे दिवसातून पन्नासदा 'रामा' म्हणणारा आपला पूर्वजही पवित्र वस्तूचा नुसता साधन म्हणून उपयोग करावयास कचरत होता. हाक मारणे त्याला चालत होते. वापरणे चालत नव्हते. आजही देवळात 'देवासमोर सांग' म्हटले की भले भले गप्प होतात. बाईंनी केलेला भेद आपल्याला परका नाही, आपण तो स्वतःच्या देवापुरता राखून ठेवला आहे इतकेच.

तो दुसऱ्यांनी आपल्या बाबतीत राखावा, अशी आपली अपेक्षाही असते. अमेरिकेत आश्चर्य वाटले की 'होली काऊ' म्हणतात. कोशकारांच्या मते हे 'होली ख्राइस्ट'चे सोवळे केलेले रूप, म्हणजे आपल्या प्रभूचे नाव वाचविण्यासाठी त्यांनी गाय पुढे केली! आमच्या समाजातील एका सद्गृहस्थांचा मुलगा तिकडे असतो. सहकाऱ्यांच्या तोंडचे हे शब्द ऐकून त्याला कसे वाईट वाटले, हे त्यांनी मला मोठ्या कळवळ्याने सांगितले होते. त्यांचा नातू म्हणजेच समई पाडली तेव्हा ओरडलेला तो मुलगा, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

मुलाला मात्र मी अजामिळाची गोष्ट सांगितली. त्याने लक्ष देऊन ऐकली आणि विचारले, "मग काका, मी सुटलो ना?" मी म्हटले, यमदूतांच्या हातून सुटलास, पण ज्यांचे नाव होते त्यांच्या घरच्या एक बाई पेटी वाजवीत तेथेच बसल्या होत्या, त्यांना अजून कोणी विचारलेले नाही. त्यानंतर एक दिवस तो माझ्या कचेरीत आला. मी कोर्टात होतो. तो बाईंशी काय बोलला, हे बाईंनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. यंदाच्या उत्सवात गाण्यांची तालीम पुन्हा त्यांनीच घेतली.